विंचवाच्या नांगीला सात सीट

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. अमेरिकेतला निवृत्त मोटरहोमवाला विंचवालाही मागे टाकतो. पलंग, शॉवर, फ्रिज, दोन टीव्ही आणि कुत्र्याची गादी असं सगळं बिऱ्हाड तो पस्तीस-छत्तीस फुटी बसमध्ये भरतो आणि नांगीच्या जागी एक अख्खी मोटार बांधून ओढत नेतो. चारही चाकं रस्त्यावर, आत माणूस नाही. नवख्याला आधी वाटतं, मागचा ड्रायव्हर फारच चिकटून चालवतोय. मग लक्षात येतं, ड्रायव्हरच नाही. हिवाळ्यात ॲरिझोना, उन्हाळ्यात मोंटाना अशी ही वरात फिरत असते. मागे गाडी असण्यात वेडेपणा काही नाही. ग्लेशियर नॅशनल पार्कातल्या ‘गोइंग-टू-द-सन’ रस्त्याच्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब वाहन सोडतच नाहीत. शिवाय एकदा बस कॅम्पग्राउंडवर टेकवली, पाण्याचा पाइप, विजेची केबल आणि ज्याचा उल्लेख जेवणाआधी करू नये तो तिसरा पाइप जोडला, की दुधाच्या कॅनसाठी हे सगळं पुन्हा सोडवायला कुणी तयार नसतं. तेव्हा छोटी गाडी हवीच. गंमत पुढे आहे. काही वर्षं छोटी गाडी सुखाने ओढल्यावर हा गृहस्थ एके दिवशी जाहीर करतो, की आता मोठी ‘फॅमिली’ गाडी पाहिजे. बसमध्ये माणसं दोन. कुत्रा धरला तर अडीच.

यावर शेजारपाजारचे तीन निदानं करतात: म्हातारपणी दिमाख सुचतोय, यंत्रांचं वेड वाढलंय, किंवा अमेरिकन माणसाला मोठ्या वस्तूशिवाय चैनच पडत नाही. मला तिन्ही निदानं चुकीची वाटतात. हा माणूस गाडी घेतच नसतो; तो तिसऱ्या रांगेतल्या सीटा घेत असतो, आणि त्या नातवंडांसाठी असतात. नातवंडं वर्षातून एखादा आठवडा येतात, तेही शाळा, फुटबॉल आणि सूनबाईंची रजा यांचं जमलं तर. आपल्याकडचे आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी विमानाने न्यू जर्सीला जाऊन नातवंडं सांभाळतात. हा आजोबा मुलाच्या घरी तीन दिवसांच्या वर टिकत नाही. तशी तिथली रीतही नाही. मग तो उलट करतो. नातवंडांच्या जागाच देशभर सोबत घेऊन हिंडतो, म्हणजे ‘आम्ही बसणार कुठे’ हे कारण कुणाला देता येऊ नये.

पुरावा त्याच्या निवडीच्या पद्धतीतच आहे. तुम्ही-आम्ही गाडी घेताना विचारतो, चालते कशी? हा विचारतो, बंद असताना चालते कशी? त्यामागे पक्कं शास्त्र आहे. बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली, की चाकं आतले भाग गरगर फिरवत राहतात, पण त्यांना तेल मिळत नाही, आणि काही तासांत गिअरबॉक्सचा निकाल लागतो. म्हणून त्याला अशी गाडी लागते जिच्या कंपनीने मॅन्युअलमध्ये लेखी परवानगी दिली आहे. जीप रँग्लरचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटणारी पेटी, न्यूट्रलमध्ये टाकला की चाकं गिअरबॉक्सपासून सुटतात आणि प्रश्न मिटतो, पण तिच्यात तिसरी रांग नाही. होंडा सीआर-व्ही ही या मंडळींची अनेक वर्षांची लाडकी. २०१५च्या मॉडेलात होंडाने सीव्हीटी गिअरबॉक्स बसवला आणि ओढण्याची परवानगी संपली. त्या दिवसापासून २०१४ची सीआर-व्ही या समाजात जुन्या पैठणीच्या मानाने मिरवते. पण तिच्यात सीटा पाचच. सात सीटांसाठी साऱ्या जगाला सुचते ती मिनीव्हॅन, आणि तिला चार चाकांवर ओढायला कंपन्यांची मनाई. उरतात काही ठरावीक वर्षांतल्या शेवरले ट्रॅव्हर्स, ब्यूइक एन्क्लेव्ह, दोन-गती ट्रान्सफर केस असलेली शेवरले टाहो, अशा मोजक्या गाड्या. ‘मोटरहोम’ नावाच्या मासिकाने वर्षानुवर्षं ओढता येणाऱ्या गाड्यांच्या याद्यांची पुरवणी काढली. ती हा माणूस आपल्याकडे पंचांग पाहतात तशी पाहतो: कोणतं वर्ष, कोणता गिअरबॉक्स, कमाल वेग किती, कोणता फ्यूज काढायचा. नुसतं यंत्राचं वेड असतं तर रँग्लरवर भागलं असतं. तिथेच भागत नाही, हीच तर गोष्ट आहे.

मग येतं वजन, आणि इथे आजोबांच्या प्रेमाची खरी कसोटी लागते. पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक मोठ्या मोटरहोमांच्या हिचवर, म्हणजे मागची गाडी जोडायच्या आकड्यावर, ५,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे २,२७० किलोंचा शिक्का असतो. तो वाचून भोळा माणूस खूश होतो. आजोबा भोळे नसतात. ते बसची दुसरी पाटी वाचतात. भरलेली बस २६,००० पौंडांची आणि बस अधिक गाडी मिळून मर्यादा ३०,०००ची असेल, तर हिच काहीही म्हणो, मागे उरतात ४,००० पौंड. सीआर-व्ही साधारण ३,४००ची, ती आरामात बसते. ट्रॅव्हर्स पावणेपाच हजारांच्या आसपास. टाहो साडेपाच हजारांकडे जाते. तिचा तर हिचलाच नकार. आता सातशे-आठशे पौंड आणायचे कुठून? अमेरिकन गॅलनभर पाणी भरतं ८.३ पौंड. ९० गॅलनची टाकी निघताना रिकामी ठेवली, की साडेसातशे पौंड मोकळे. म्हणजे जी बस वाळवंटात नळाशिवाय राहता यावं म्हणून घेतली, ती कोरडी चालवायची, कशासाठी, तर मागच्या गाडीत तिसरी रांग यावी म्हणून. नंतर टूलबॉक्स उतरतो, मग लोखंडी तवा उतरतो. तव्यावरून आजींशी दोन दिवस अबोला होतो. ट्रक-स्टॉपच्या काट्यावर बस चढवून आणलेल्या वजनाच्या पावत्या ते बँकेच्या पासबुकाइतक्या जपून ठेवतात. दिमाखासाठी कुणी तवा सोडत नाही.

दिमाखाचा आक्षेप तरीही तपासून पाहू. दिमाखच मिरवायचा तर शोरूममधली नवी, महागडी, चकचकीत गाडी घ्यावी. पण त्यांतल्या बहुतेक ओढता येत नाहीत, आणि विजेच्या गाड्यांना तर चाकं जमिनीवर ठेवून ओढायची सहसा बंदीच असते, कारण चाकांबरोबर मोटरही फिरते. त्यामुळे लाखो डॉलरांच्या बसमागे आठ वर्षांची ट्रॅव्हर्स दिसते. तिच्या नाकातून टो-बार अडकवायचे दोन लोखंडी कान बाहेर आलेले, आणि बसच्या चाकांनी उडवलेल्या खड्यांनी बॉनेटला देवी आल्यासारखं दिसतं. पेट्रोलचा आक्षेपही फार टिकत नाही. बस मुळातच गॅलनला सात-आठ मैल, म्हणजे लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर देते. त्या आगीत आणखी एक काडी.

खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो आजींचा आहे: आठवडाभरासाठी मोठी गाडी भाड्याने का घेऊ नये? हिशेबाने आजी शंभर टक्के बरोबर आहेत. भाड्याच्या गाडीला बेस-प्लेट, म्हणजे ते लोखंडी कान, लागत नाही, सुरक्षा-साखळ्या लागत नाहीत, दिव्यांच्या वायरी लागत नाहीत. ओढत्या गाडीला स्वतंत्र ब्रेकही लागतो. त्यासाठी एक पेटी मिळते, ती ड्रायव्हरच्या सीटपुढे ठेवायची आणि बसने ब्रेक लावला की ती पेडल दाबते. एरवी त्या सात सीटांच्या गाडीतून प्रवास करणारी तेवढी एकच. शिवाय टो-बार लावून मागे येता येत नाही. चुकीच्या पेट्रोलपंपावर शिरलं तर भर दुपारी गाडी सोडवायची, वळवायची आणि पुन्हा जोडायची, आणि आजूबाजूचे सगळे कॉफी हातात घेऊन हा कार्यक्रम बघतात. हे सगळं मान्य करूनही भाड्याची गाडी आजोबांना नको असते, कारण भाड्याची गाडी नातवंडं यायचं नक्की झाल्यावर घ्यायची असते. त्यांना नक्की होण्याची वाट पाहायची नसते. रिकाम्या सीटा दारात उभ्या असल्या की फोनवर सहज म्हणता येतं, ‘गाडी आहेच, या’. भाड्याच्या गाडीने हे वाक्य ‘येणार असाल तर बघतो’ असं होतं, आणि मुलगा त्यातला ‘तर’ बरोबर पकडतो.

एवढ्यानेही न पटणारे शेवटचा मुद्दा काढतात, की नातवंडं मोठी होतात. बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. मग थोरला नातू यायचाच तर स्वतःच्या गाडीने येईल, आणि तिसरी रांग कायमची रिकामी राहील. आजोबांनी याचाही विचार केलेला आहे. नातवाने पहिली गाडी कोणती घ्यावी, याची यादी त्यांनी त्याला आधीच पाठवली आहे. यादीतली प्रत्येक गाडी ४,००० पौंडांच्या आतली आहे, आणि चारही चाकांवर ओढता येते.