रेग्युलेटर पिळून पसार झालेल्या मित्रास खुले पत्र



पौडच्या पुढच्या शेतघरातला तो केग तू नासवलास. नळ उघडला की ग्लासभर फेस, तळाला दोन बोटं कोंबुचा, म्हणजे आपला आंबवलेला चहा. आणि तू नळाला दोष देत फिरतोस?

परवान्याशिवाय घरी बिअर बनवायला महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 मनाई करतो, म्हणून आपण केगमध्ये कोंबुचा भरतो. पण वायूचा नियम दोघांनाही एकच. पेय जितकं गार आणि दाब जितका जास्त, तितका वायू त्यात मुरतो. दाबाचं हे गणित विल्यम हेन्रीने 1803 मध्येच मांडलं. 4 अंश सेल्सिअसला 12 पीएसआय ठेवून आठ-दहा दिवस थांबलं की झालं. तुला तेवढाही धीर नव्हता. रेग्युलेटरचा काटा 30 वर नेलास आणि आठवडाभर तिकडे फिरकला नाहीस.

वर फेस बघून काटा खाली आणलास आणि हात झटकलेस. अरे, मुरलेला वायू काटा फिरवल्याने बाहेर येतो का? आधी सिलिंडर बंद करायचा, गॅसची नळी काढायची आणि झाकणावरची रिलीफ व्हॉल्व्हची कडी हळूहळू ओढायची. सूं आवाज थांबला की सोडायची. फेस वर आला तर लगेच सोडायची. केग फ्रिजमध्येच राहू द्यायचा, तासा-दोन तासांनी पुन्हा कडी ओढायची. दिवसभर हेच. घाईने केग हलवलास तर फेस व्हॉल्व्हमध्ये शिरतो, चिकटा धरतो आणि नवं दुखणं सुरू होतं. फेस बसला की नळी जोडून 12 वर ठेवायचं. पावसात मुळशीत लाइट गेली तर केग तापतो, दाब चढतो, तेव्हाही आधी गार करायचं, मग नळ उघडायचा.

हे सगळं माफ केलं असतं. पण तोच कोंबुचा तू काचेच्या बाटल्यांत भरून, बुचं घट्ट लावून लोकांना वाटलास. त्यात साखर होती, यीस्ट जिवंत होतं. उन्हात ठेवलेली अशी बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते. घरात लहान मुलं आहेत, याचा विचार केलास?

ज्यांना बाटल्या दिल्यास त्यांना आजच फोन कर. बाटली फ्रिजमध्ये पूर्ण गार करायला सांग, मग जाड टॉवेलात गुंडाळून, तोंड लांब धरून, अंगणात बूच सैल करायला सांग.