अकरा हजारांवरून साडेचारवर

खेळण्यातली गाडी हळू चालते ही गाडीची तक्रार कधीच नसते. तिचं बरं चाललेलं असतं. तीन पेन्सिल सेल पोटात घेऊन ती सोफ्यापासून टीव्हीच्या टेबलापर्यंत जाते, तिथे धडकते आणि उलट फिरून परत येते. तक्रार असते ती रिमोट धरणाऱ्याची. "मामा, हिला अजून पळवता येईल का?" असं भाच्याने विचारलं, तेव्हा मी पेपरमधून डोकं न काढता "नाही" म्हणून मोकळा झालो होतो. पण तळमजल्यावरचे काका नेमके त्याच वेळी चहाला आलेले होते.

काका वीज खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात अकरा हजार व्होल्टच्या सहवासात गेलेली. त्यांनी गाडी उलटी केली, झाकण उघडलं, आतले सेल मोजले आणि चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू गाडी मीच बनवली होती.

"साडेचार व्होल्ट? अहो, याला आम्ही व्होल्टेज म्हणतच नव्हतो. मीटरची चूक म्हणायचो."

त्या दिवसापासून आमचा दिवाणखाना हे सबस्टेशन झालं.

पहिला उपाय भाच्याने सुचवला, चार्जिंगचे सेल. निकेल मेटल हायड्राइडचे. आणले, तर त्यांच्यावर १.२ व्होल्ट छापलेलं. साध्या सेलवर १.५. तीन गुणिले १.२ म्हणजे ३.६. पैसे जास्त देऊन व्होल्टेज कमी मिळाल्यामुळे भाच्याचा चेहरा पडला. सेल घातले, तर गाडी आधीपेक्षा झकास पळाली. हा चमत्कार काकांनी आमच्या इमारतीच्या टाकीवरून समजावून सांगितला. रात्री अकराला नळ सोडला, की धार कशी जोरात येते. सकाळी सातला सगळे मजले आंघोळीला बसले, की त्याच नळाला करंगळीएवढी धार. टाकी तीच, उंची तीच, पाइप अरुंद. सेललाही आतून असाच अरुंद पाइप असतो, त्याला अंतर्गत रोध म्हणायचं. मोकळा बसलेला साधा सेल मीटरवर ऐटीत दीड व्होल्ट दाखवतो. मोटरने सुरू होताना एकदम अँपिअरभर करंट मागितला, की तो मान टाकतो. चार्जिंगचा सेल १.२ म्हणतो आणि मागणी आली तरी जवळपास तेवढंच देतो. बोलण्यात कमी, कामाला वाघ. आमच्या ऑफिसात असा एकही नाही.

यातून एक घरगुती व्यवस्थाही लागली. गाडीतून निवृत्त झालेले साधे सेल भिंतीवरच्या घड्याळात पुन्हा नोकरीला लागले. घड्याळ करंट मागतं तो नावापुरता. गाडीला दोन पावलंही ढकलू न शकणारा सेल तिथे कित्येक महिने आरामात काढतो.

पण वेगाची भूक अशी भागत नाही. पुढच्या रविवारी काका आणि भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले आणि निळ्या रंगाचे सेल घेऊन आले. नाव १४५००. जाडी १४ मिलिमीटर, लांबी ५०, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. पेन्सिल सेलच्या घरात हा बरोबर बसतो, आणि गोम तिथेच आहे, कारण हा लिथियम-आयनचा. व्होल्टेज १.५ नाही, ३.७. आवरणावर २३०० एमएएच असंही छापलेलं होतं. या आकाराच्या प्रामाणिक सेलची ताकद सातशे ते हजारच्या घरात असते. वजन असतं साधारण वीस ग्रॅम. बायकोने केकसाठी आणलेल्या डिजिटल काट्यावर सेल ठेवला, तर तेरा ग्रॅम भरला. उरलेले सात ग्रॅम बहुधा छपाईत खर्ची पडले असावेत. दुकानदाराने बदलून दिले. "वजन करून सेल घेणारे तुम्ही पहिलेच," एवढं मात्र त्याने सुनावलं.

आता ३.७ गुणिले तीन किती? ११.१. हा आकडा ऐकल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. "अकरा! आता ओळखीच्या गावात आलो."

मी दबकत विचारलं, "काका, गाडी साडेचारची आहे ना?"

"अहो, मोटरला काय कळतंय? तिला जेवढं द्याल तेवढं ती पळते."

मोटरबद्दल ते खरंच होतं. मोकळ्या मोटरचा वेग ढोबळमानाने व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. पण बिचारी मोटर एकटी नसते. तिच्या आधी चार ट्रान्झिस्टरांचा एक पूल असतो, तो करंटची दिशा उलटसुलट करून गाडी पुढे-मागे नेतो. आमच्या गाडीतल्या पुलाचे खांब तिळाएवढे. शिवाय पूर्ण चार्ज झालेला सेल ३.७ वर नसतो, ४.२ वर असतो, म्हणजे एकूण १२.६. गाडी सुटली ती थेट चपलांच्या कपाटाकडे. भाच्याने घाबरून रिव्हर्स दाबला. पूर्ण वेगात फिरणारी मोटर स्वतःच जनित्र झालेली असते. तिला त्या क्षणी उलटा पुरवठा दिला, की तिचं स्वतःचं व्होल्टेज आणि सेलचं व्होल्टेज एकाच बाजूला येतात आणि करंट जवळपास दुप्पट उसळतो. एक बारीक "टिक" ऐकू आली. ड्रायव्हरच्या खिडकीतून धुराची सरळ रेघ वर गेली. घरभर जो वास पसरला तो काकांनी डोळे मिटून घेतला आणि म्हणाले, "फॉल्ट सापडला."

मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराने गरम हवेचा झोत मारून नवे, थोडे दणकट ट्रान्झिस्टर बसवले. हे वेड आपल्याच इमारतीपुरतं आहे असं कुणी समजू नये. जपानच्या क्योशो कंपनीची मिनी-झेड ही तळहातावर मावणारी गाडी १९९९ साली आली, चार बारक्या ट्रिपल-ए सेलवर चालणारी. तिचे शौकीन दणकट मोटर झेपावी म्हणून मॉस्फेट ट्रान्झिस्टरांवर तसलेच दुसरे ट्रान्झिस्टर ठेवून पाय पायाला झाळतात. माळ्यावर माळे. आपल्याकडे याला महापालिकेची नोटीस आली असती.

त्यानंतर काका शहाणे झाले असं नव्हे, पण बेरीज करायला लागले. दोन १४५०० आणि तिसऱ्या जागी डमी सेल, म्हणजे सेलच्या आकाराचं नुसतं आवरण, आतून तार. एकूण ७.४. नाजूक रिसीव्हरला वेगळा रेग्युलेटर लावून ३.३ व्होल्टचा खुराक. गाडी सरळ रेषेत सुंदर पळायला लागली, पण सुटतानाच वळवली की क्षणभर भोवळ येऊन थांबे. मोटर आणि स्टिअरिंग एकदम करंट मागायचे, व्होल्टेज बसायचं आणि रिसीव्हर आठवण पुसून पुन्हा पहिल्यापासून जागा व्हायचा. त्यावर उपाय ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पांढरी पट्टी ऋण टोकाकडे. क्षणभराची उसनवारी तो भागवतो. फक्त त्याला जागा नव्हती, म्हणून प्लास्टिकचा ड्रायव्हर सीटसकट काढावा लागला. तेव्हापासून आमची गाडी एक कपॅसिटर चालवतो.

तरी खोलीच्या पलीकडे गेली की ती ऐकेना. मोटरच्या ब्रशांच्या ठिणग्या रिसीव्हरच्या कानात खरखर करतात, म्हणून तिच्या दोन टोकांमध्ये १०४ छापलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर टाकला. फरक शून्य. काकांनी अँटेनाची तार बदलली. शून्य. शेवटी बायकोने रिमोटचं झाकण उघडून दाखवलं. आत घड्याळातले सेल होते. भाच्याने घड्याळात नवे घालून जुने रिमोटला दिले होते. "घड्याळात चालत होते की!" हा त्याचा युक्तिवाद.

रिमोटला नवे सेल मिळाले आणि मोटर किंचाळायला लागली. चाकं ढिम्म. मोटरच्या दांड्यावरच्या पांढऱ्या दातेरी चाकाला केसाएवढी चीर गेली होती, दांडा आतल्या आत नुसता गरगरत होता. पितळी चाक बसवलं. त्याने पुढच्या प्लास्टिकच्या चाकाचे दात तासून काढले. या धंद्यात बिघाड जात नाही, पुढच्या खोलीत राहायला जातो.

तेवढ्यात भाच्याचा मित्र काडेपेटीएवढी गाडी घेऊन आला. काकांची कीर्ती दोन बिल्डिंगा ओलांडून गेली होती. आत १५० एमएएचची लिथियम पॉलिमर बॅटरी, फुगून टम्म. कारण हातातच होतं. त्याच्या दादाने तिला बाजारात सर्रास मिळणाऱ्या टीपी ४०५६ च्या चार्जिंग मॉड्यूलवर लावलं होतं. ते मॉड्यूल १.२ किलोओहमचा रोध लावून येतं आणि एक अँपिअर ओततं. या पिल्लाला दीडशे मिलिअँपिअर पुष्कळ. तो रोध काढून १० किलोओहमचा लावला, की करंट १३० वर येतो. फुगलेली बॅटरी बाद करून नवी मागवली, तर तिच्या प्लगमध्ये लाल-काळी तार नेमकी उलटी. असल्या प्लगांचा आकार ठरलेला असतो, कुठली तार कुठल्या बाजूला हे ज्याचं त्याने ठरवायचं. काकांनी सुईने प्लगची बारीक जीभ उचलून तारा बाहेर घेतल्या, पण एकेक करून. दोन्ही एकदम काढल्या आणि टोकं भिडली तर पुन्हा तोच वास. आता सगळं चार्जिंग काकूंच्या रिकाम्या मातीच्या कुंडीत होतं, कुणीतरी शेजारी बसलेलं असतानाच. ही अट काकूंची.

आणि आमची गाडी? आमची गाडी अप्रतिम पळते. इतकी, की पॅसेजच्या एका टोकाला बटण दाबलं की दुसऱ्या टोकाला भिंत लगेच येते, मध्ये वळवायला सवड राहत नाही. बंपर गेला. चपलांच्या कपाटाचा कोपरा गेला. माझ्या घोट्याबद्दल मी बोलत नाही. परवा भाच्याने काकांना जरा चाचरत विचारलं, "आजोबा, हिला थोडी हळू करता येईल का?"

काका क्षणभरही अडखळले नाहीत. खिशातून ४००७ नंबरचे दोन काळे डायोड काढले. एकामागे एक जोडले की प्रत्येकी साधारण ०.७ व्होल्ट खातात. ७.४ मधून १.४ वजा, राहिले सहा. आणलेलं व्होल्टेज असं जाळून टाकायचं, तर ते आणलं कशाला, असं मी विचारणार होतो, पण काकांनी आधीच हात वर केला. "हेही अपग्रेडच. आता तिला दोन वेग आहेत."

डायोडच्या बगलेत त्यांनी एक सरकवायचा स्विच बसवला आणि भाच्याने स्केचपेनने त्याच्या दोन बाजूंना नावं लिहिली. डायोडच्या बाजूला "मामा घरी". दुसऱ्या बाजूला "मामा ऑफिसात".