राजाचा पुढचा भाग

‘ये जो है जिंदगी’ ही दूरदर्शनवरची १९८४ची विनोदी मालिका डीव्हीडीवर हाती लागली, पण यवतमाळात आता चालू प्लेअर शोधणे हाच एक विनोद आहे. माळ्यावरून उतरवलेल्याचा ट्रे उघडत नाही. उघडलाच तर मिटत नाही. असो, लागली एकदाची.

लेखक शरद जोशी. (शेतकरी संघटनेचे नव्हेत, हे आमच्या कापूसपट्ट्यात आधी सांगावे लागते. हे हिंदीतले व्यंगकार.) सतीश शाह दर भागात नव्या भूमिकेत. तेव्हा त्याचे केवढे कौतुक! आता आपले पुढारी दर निवडणुकीत तेच करतात, तेही मेकअपशिवाय.

खरी पंचाईत झाली ती राकेश बेदीच्या राजाची. बहिणीच्या घरी ठाण मांडून बसलेला बेकार भाऊ, एवढ्यावर तेव्हा घरोघर हशा पिकायचा. परवा पुसदला मामाकडे मालिका लावली, तर कोणी हसेचना. आतल्या खोलीत मामाचा साळा, दरवर्षी पूर्वपरीक्षेपर्यंत जाऊन परतणारा. मामी दारातून म्हणाली, “आवाज कमी कर ना बाप्पा, अभ्यास करून राह्यला तो!”