दहा नॅनोसेकंदांची घाई

डेस्कटॉप संगणकातील रॅमचा वेग ठरवणे हे काम वरकरणी तांत्रिक दिसत असले, तरी त्यामागची प्रेरणा बव्हंशी मानसिक असते. कारण वेग पडद्यावर आकड्यात दिसतो, स्थैर्य मात्र कोठेच दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते चारचौघांत सांगता येत नाही.

घोटाळ्याची सुरुवात खोक्यावरच होते. डीडीआर ५ रॅमच्या खोक्यावर ६००० हा आकडा ठळक छापलेला असतो आणि विकणारा व घेणारा दोघेही त्याला एकमताने मेगाहर्ट्‌झ म्हणतात. वस्तुतः घड्याळाचे ठोके ३००० मेगाहर्ट्‌झचेच असतात, पण प्रत्येक ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली जात असल्याने सेकंदाला ६००० दशलक्ष हस्तांतरणे होतात. हा आकडासुद्धा मदरबोर्ड आपण होऊन लावत नाही. रॅमच्या पट्टीवरील एका छोट्या चिपमध्ये तिचे सगळे वेग नोंदलेले असतात, त्यांतून जेडेक या प्रमाणीकरण संस्थेने मान्य केलेला, बहुधा ४८००चा, सावध वेग निवडला जातो, आणि त्यापुढे जायचे तर बायोसमध्ये शिरून इंटेलचे एक्सएमपी किंवा एएमडीने २०२२ साली आणलेले एक्स्पो यांपैकी एक तयार प्रोफाइल चालू करावे लागते. जास्तीचे पैसे मोजून आणलेली रॅम कित्येक घरांत वर्षानुवर्षे मूळ वेगानेच चालते आणि मालकाला ती विलक्षण वेगवान वाटत राहते, यावरून या शास्त्रात श्रद्धेचे स्थान किती वरचे आहे ते कळते.

वेगाखाली लिहिलेले ३०-३८-३८-९६ यांसारखे चार आकडे म्हणजे टायमिंग, आणि त्यांचा अर्थ तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात उभे राहिल्यास चटकन उमगतो. रॅममधील माहिती ओळी आणि स्तंभ यांत रचलेली असते. कपाट उघडायला, म्हणजे हवी ती ओळ जागी करायला, लागणारा वेळ हा दुसरा आकडा, उघड्या कपाटातील फाइल हाती पडायला लागणारा वेळ हा पहिला, ज्याला सीएल म्हणतात, दुसरे कपाट उघडण्यापूर्वी पहिले बंद करण्याचा वेळ हा तिसरा, आणि एकदा उघडलेले कपाट निदान किती वेळ उघडे ठेवले पाहिजे ते सांगणारा चौथा. हे सारे सेकंदांत नव्हे तर ठोक्यांत मोजलेले असते, आणि लहान आकडा पाहून हुरळणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते. सीएलला २०००ने गुणून वेगाने भागले की नॅनोसेकंद मिळतात: जुन्या डीडीआर ४००च्या सीएल २ पट्टीला १०, डीडीआर ४च्या ३२०० सीएल १६ पट्टीला १०, आणि ६००० सीएल ३० या आजच्या मानाच्या जोडीलाही १०च. वेग १५ पट झाला, एका खेपेत मिळणारा गठ्ठा वाढला, पण पहिली फाइल हाती पडण्याची वेळ जागची हलली नाही.

या अभिलेखकक्षाचा कारकून, म्हणजे रॅम, विसरभोळाही आहे. रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली ज्या रचनेचे पेटंट मिळाले, तिच्यात प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युत्‌भाराच्या रूपाने साठवलेला असतो आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून डीडीआर ५मध्ये साधारण दर ३.९ मायक्रोसेकंदांनी काम थांबवून थोड्या थोड्या ओळी पुन्हा भरून घ्याव्या लागतात, ज्याला रिफ्रेश म्हणतात. उत्साही मंडळींना ही विश्रांती कामचुकारपणा वाटते आणि ते दोन रिफ्रेशमधील अंतर कित्येक पटींनी वाढवून टाकतात.

प्रत्यक्ष निवड मात्र निरुत्साही वाटावी इतकी सोपी आहे. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील प्रोसेसरची अधिकृत मर्यादा ५२००ची असली, तरी दोन पट्ट्यांवर ६००० हा वेग सहसा निभावतो, कारण तेथवर प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर रॅमच्या बरोबरीने चालतो; त्याच्या फार पुढे गेल्यास तो निम्म्या गतीवर उतरतो आणि वाढवलेला आकडा बव्हंशी शोभेचा उरतो. मदरबोर्डावरील चारही खाचा भरणाऱ्यांसाठी अधिकृत वेग ३६००पर्यंत घसरतो, तेव्हा ‘पुढेमागे लागेल’ म्हणून घेतलेल्या जादा पट्ट्या मागेच जास्त नेतात. खोक्यावरचे प्रोफाइल लावावे, पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहिला तरी प्लग उपटू नये, कारण त्या वेळी मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, आणि चूक आढळल्यास ५६००वर यावे. उरलेल्या डझनावारी टायमिंगना हात न लावण्यातच शहाणपण आहे, मात्र ते कोणाला आवडत नाही.

चूक आढळणे हेच खरे अवघड, कारण बिघडलेला एक बिट आपली ओळख देत नाही. झिप फाइल उघडेनाशी होते, ब्राउझर मध्येच मिटतो, आठवड्यातून एकदा निळा पडदा येतो, आणि दोष आधी विंडोजला, मग व्हायरसला, मग घरातल्या विजेला आणि अखेरीस मुलांनी टाकलेल्या गेमला दिला जातो. म्हणून मेमटेस्ट८६सारखी चाचणी रात्रभर चालवतात, आणि तिच्यात एक चूकही अपयश मानली जाते. काठावर पास होण्याची सोय येथे नाही.

शिवाय तापमान वाढले की कपॅसिटर अधिक गळतो, त्यामुळे रिफ्रेश ताणून डिसेंबरात निर्दोष ठरलेले सेटिंग नागपूरच्या मे महिन्यात पुन्हा तपासून घ्यावे लागते. ती चाचणी रात्रभर चालू असताना खोलीतला एकुलता एक कूलर यंत्राच्या दिशेने वळवायचा की झोपलेल्यांच्या, यासंबंधी मदरबोर्डाच्या पुस्तिकेत काहीही लिहिलेले नाही, आणि सौभाग्यवतींचे मत विचारण्याआधीच अंमलात आलेले असते.