चाचणी शनिवारी, संघ शुक्रवारीच

दक्षिण आफ्रिकेतल्या शाळकरी रग्बीचा मोठा सोहळा म्हणजे क्रेव्हन वीक. डॅनी क्रेव्हन यांच्या नावाचा, १९६४ साली ईस्ट लंडनला सुरू झालेला. अठरा वर्षांखालच्या पोरांचे प्रांतिक संघ इथे आठवडाभर भिडतात. ही स्पर्धा नाही, मेळावा आहे, म्हणून अंतिम सामना नसतो. शेवटच्या दिवशी एक ‘मुख्य सामना’ असतो, इतकंच. तो कोणी खेळायचा, हेही वरची मंडळीच ठरवतात.

त्याआधी प्रांताची निवड चाचणी. लहान शाळेतला पोरगा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, उभा. फ्लाय-हाफ आणि दोन्ही सेंटर एकाच बड्या शाळेचे; चेंडू त्यांच्यातच फिरतो. पोरगा थंडीत हात चोळत राहतो आणि निवडकर्त्याच्या वहीत नोंद पडते: ‘सहभाग कमी.’

फ्री स्टेट प्रांताच्या संघात ब्लूमफाँटेनच्या ग्रे कॉलेज या शाळेची पोरं मोजण्यापेक्षा बाकीच्यांची मोजणं सोपं. ग्रे खेळतंही झकास, हीच तर पंचाईत.

कृष्णवर्णीय खेळाडूंच्या प्रमाणाचा विषय निघाला की पालक खवळतात: निवड निव्वळ गुणांवर हवी! ज्यांचे चिरंजीव संघात असतात, त्यांचा आवाज जरा जास्तच. शिवाय गुण लपत नाहीत म्हणे; झ्विडे वस्तीतला सिया कोलिसी बघा, २०१९ आणि २०२३चा विश्वविजेता कर्णधार. बघितला. त्याला लहानपणीच पोर्ट एलिझाबेथच्या बड्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली होती. तिचंही नाव ग्रेच.