उपवासाचा मासा

नदीत शिरलेल्या सामनला भूक नसते. ही गोष्ट गळ-दोऱ्यांच्या दुकानात कुणी सांगत नाही, कारण सांगितली तर दुकान चालायचं कसं? सामन समुद्रात मनसोक्त खातो, अंगात चरबी साठवतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात आला की खाणं जवळपास बंदच करतो. पुढचा सगळा प्रवास त्या चरबीवर. कोलंबिया नदीतला चिनूक सामन तर अंडी घालून मरूनच जातो, म्हणजे हा उपवास सोडण्यासाठी धरलेलाच नसतो. अशा व्रतस्थ प्राण्यापुढे काय नेऊन धरावं, यावर ओरेगनमधली शहाणीसुरती माणसं हिवाळाभर वाद घालतात.

मग तो गळाला लागतो कसा? सर्वमान्य उत्तर असं, की चिडून, नाहीतर समुद्रातल्या जुन्या सवयीनं. निर्जळी एकादशी धरलेल्या काकांच्या नाकासमोरून कुणी भज्यांची बशी चार वेळा फिरवली, तर काका भजी खाणार नाहीत, पण बशीवर हात नक्की मारतील. तेव्हा आमिष निवडायचं ते माशाला आवडेल असं नव्हे, त्याच्या डोक्यात जाईल असं.

डोक्यात जाणाऱ्या वस्तूंनी पोर्टलंडकडच्या दुकानांत भिंतीच्या भिंती भरलेल्या असतात. गरगरणारे स्पिनर, हाताएवढे चकाकते फ्लॅशर, पाण्यात लटपटत जाणारे प्लग. विक्रेता समजावतो: ऊन असेल तर चंदेरी, ढगाळ हवेला पोपटी, गढूळ पाण्याला नारिंगी. ओरेगनमध्ये सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान या तिन्ही हवा होऊन जातात, म्हणून तिन्ही घ्यावे लागतात. मी मालवणकडचा. आमच्याकडे गरवायला जायचं म्हणजे बांबूची काठी, तंगूस, गरी आणि कोळंबीचा तुकडा. तांबोशी मिळाली तर मिळाली, नाहीतर शेंगटी आहेच. रंगाबद्दल तांबोशीचं मत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

आमचा शेजारी मात्र या विषयातला अधिकारी माणूस. सत्तरीतला, निवृत्त, आणि त्याच्या मते चमचमाट नवशिक्यांसाठी. खरा माणूस हेरिंग लावतो. हेरिंग म्हणजे आपल्या पेडव्यांच्याच कुळातला. त्याचं डोकं तिरक्या कापानं असं उडवायचं, की उरलेलं धड पाण्यात गोल फिरलं पाहिजे. काप चुकला, तर ते नुसतं सरळ ओढलं जातं. त्याआधी हे मासे रात्रभर जाड्या मिठाच्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे घट्ट होतात. खवले चमकावेत म्हणून त्या पाण्यात नीळ टाकायची. हो, कपड्यांना घालतात तीच. सामनची अंडी लावायची असतील, तर ती मीठ, साखर, बोरॅक्स आणि भडक गुलाबी रंगात मुरवायची. हा उद्योग केल्यावर माझी बोटं इतकी गुलाबी झाली, की ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंदच ठेवला.

त्याच सुमारास आई इकडे आलेली होती. तिनं फ्रीज उघडला, नीळ घातलेल्या पाण्यातले मासे पाहिले आणि मला हाक मारली. आमिष म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं, हिशेब पटत नव्हता. ‘‘एवढे बरे पेडवे, नि तू ते माशांका घालतंस?’’ मी म्हटलं, सामन मोठा असतो. ‘‘मग तो खातलो?’’ नाही, तो खात नाही. यावर तिनं फ्रीज लावून टाकला.

आता वासाचं. शेजारी ॲनिसच्या तेलाची बाटली बाळगतो, वास थेट बडीशेपेचा. कुणी लसणाचा अर्क लावतो, कुणी चक्क गंज सोडवायचा डब्ल्यूडी-फॉर्टी फवारतो. त्यात माशाचं तेल असतं ही जुनी समजूत. कंपनीनं ती खोटी ठरवूनही लोकांची श्रद्धा ढळत नाही. आपल्या हाताच्या वासाची भीती मात्र खरी. कॅनडात 1950 च्या दशकात शास्त्रज्ञांनी माणसाचे हात बुडवलेलं पाणी नदी चढणाऱ्या सामनांच्या वाटेत सोडलं, तर मासे बिचकले. अस्वलाच्या पंजाच्या पाण्यानंही तेच झालं. कातडीतलं सेरीन नावाचं अमिनो आम्ल त्यांना नको असतं. सामनच्या नाकाला मी आणि अस्वल एकच, हे कळल्यापासून मी हातमोजे घालतो.

कोलंबियातल्याच स्टर्जन नावाच्या माशाची तऱ्हा उलटी. दात नाहीत, डोळे बारीक. राहायचं तळाला, तोंड खालच्या बाजूला, त्यापुढे चार मिशा. त्या मिशांनी चिखल चाचपत जे सापडेल ते तो ओढून घेतो. त्याच्यापुढे पोपटी काय नि चंदेरी काय! त्याला लागतो वास: स्मेल्ट, माकूळ, कोळंबी, शॅडचे तुकडे. तुकडा रबरी दोऱ्यानं गळाला आवळायचा, आणि प्रवाहात तळाला ठरावा म्हणून पाव किलो ते जवळजवळ अर्धा किलो शिसं बांधायचं. एवढी तयारी करून बसलं, की मासा काठीच्या टोकाला दोन हलक्या टिचक्या मारतो. दहा फुटी धूड, आणि दार वाजवायची ही रीत.

गळाला उलटा काटा चालत नाही. असलाच तर पकडीनं चेपून टाकायचा. कारण वर्षातले मोजके दिवस सोडले, तर स्टर्जन सोडूनच द्यावा लागतो, आणि साडेचार फुटांवरचा असेल तर पाण्याबाहेर काढायलाही बंदी. हा कायदा मला मान्य आहे. 1892 च्या सुमारास एका वर्षात या नदीतून सुमारे 25 लाख किलो स्टर्जन काढला गेला, आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत धंदाच बसला. शंभर वर्षं जगू शकणारा मासा. मादी वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं घेते, आणि नंतरही दरवर्षी अंडी घालत नाही. बॉनव्हिल धरणाजवळच्या मत्स्यकेंद्रात काचेपलीकडे हर्मन नावाचा दहा फुटी, ऐंशीच्या पुढचा स्टर्जन आहे. आईनं त्याला बराच वेळ न्याहाळला आणि ‘‘जून असतलो,’’ एवढंच म्हणाली.

स्टर्जनच्या मोहिमेच्या आदल्या दिवशी मी आशियाई दुकानातून माकुळं आणली, आमिषाच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतात म्हणून. आईनं त्यांतली चांगली निम्मी परस्पर उचलली. जो खात नाही त्याला पेडवे आणि ज्याला आपण खायचं नाही त्याला माकुळं, असला संसार तिला चालवायचा नव्हता. रात्री माकुळाचं सुकं झालं आणि शेजारी पानावर आला. घाम पुसत दोनदा मागून घेतलं. मग त्यानं बोटाला लागलेला मसाला बराच वेळ हुंगला आणि मला विचारलं, ‘‘हे पाण्यात किती वेळ टिकेल?’’