अतिरिक्त कार्यभार

प्रत्येक तहसील कचेरीत एक भाऊ असतात. कार्यवाटपाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे एकच शब्द असतो : शिपाई. उरलेला तक्ता भाऊंच्या डोक्यात असतो.

29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कर्मचाऱ्यांनी पावणेदहाला यायचं, शिपायांनी साडेनऊला. आमचे भाऊ नऊलाच येतात आणि आधी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे करतात. कारण विचारलं तर म्हणतात, "पावणेदहाची माणसं दहाला येतात. पंधरातली सात मी भरून काढली, आठ त्यांनी काढावी." या ठरावाला कुणाचीच मंजुरी नाही; तरी सगळी कचेरी बिनबोभाट भाऊ प्रमाणवेळेवर चालते.

"हे काम कुणाचं?" असा प्रश्न निघाला की सगळ्या माना फायलीत जातात. भाऊंची तेवढी वर राहते. पंखा कुरकुरला, तर रीतीप्रमाणे टिपणी, मग बांधकाम विभागाला पत्र, मग स्मरणपत्र, तोवर थंडी. भाऊ घरून शिलाई मशीनचं तेल आणतात.

सहीचा अधिकार भाऊंना नाही. पण गठ्ठ्यात कुठली नस्ती वर ठेवायची, हे कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही, म्हणून ते खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने कामांना दिवसांची मुदत घातली. भाऊंची मुदत एसटीच्या वेळापत्रकावर चालते. जुन्या फेरफाराच्या नकलेसाठी बाकावर टेकलेल्या आजींना ते एवढंच विचारतात, "गाव कुठलं?" तिकडची शेवटची गाडी त्यांना तोंडपाठ. मग नायब तहसीलदारांपुढे कागद सरकवत हळूच म्हणतात, "साडेपाचची गाडी आहे, साहेब." साहेबांना वाटतं, आपल्यालाच कुठंतरी निघायचंय. गडबडीत सही होते.

मागे एक नवे साहेब बदलून आले. एवढा कामाचा माणूस आणि अधिकार शून्य, हे त्यांना बघवेना. त्यांनी रीतसर आदेश काढला : कार्यालयीन समन्वयाचा अतिरिक्त कार्यभार भाऊंकडे, विनामोबदला. प्रती सगळ्या टेबलांना. भाऊंनी पोच दिली, चष्मा लावला आणि आदेश तीनदा वाचला.

दुसऱ्या दिवशी पंखा कुरकुरला. भाऊ म्हणाले, "आदेशात पंख्याचा उल्लेख नाही." आजी आल्या. "आवक क्रमांकाने बसा." घड्याळ? "ते कुठल्या टेबलाकडे येतं, लेखी कळवा."

मी खासगीत विचारलं, "भाऊ, हे काय?" ते म्हणाले, "इतके दिवस काही चुकलं तर लोक म्हणायचे, भाऊच ते, जाऊ द्या. आता चुकलं तर चौकशी लागेल."

आठ दिवस कचेरी तंतोतंत नियमाने चालली. म्हणजे जवळजवळ बंदच पडली.

साहेब शहाणे. नवव्या दिवशी त्यांनी आदेश रद्द केला. रद्दचा कागद जावकला नोंदवून भाऊंनी स्टूल उचललं. साहेबांनी ते दारातून पाहिलं, चकार शब्द काढला नाही, आणि मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं पुढे केलं.